कडता

मी मापाडी. एकतीस वर्षं झाली
दर्यापूरच्या यार्डात काट्यावर उभा आहे.
पोतं पाहिलं की आकडा तोंडात येतो,
मशीन मागाहून सांगते.

आचल माझी भाची.
फाटक उघडायच्या आधी, अंधारातच
चपला काढून काट्यावर चढते.
आमचा काटा पन्नास ग्रॅमच्या खाली बोलत नाही,
तिला दहा ग्रॅमचंही भ्याव.

पन्नास किलो दोनशे.
गट अठ्ठेचाळीसचा.
"मामा, बारदान वजा करा नं," म्हणते, हसते.
बारदान कोणतं, बाई?
स्वेटर काढलं, कानातले काढले,
राहिलं ते हाडांचं. ते उसवता येत नाही.
दोन वर्षांत चार इंच उंच झाली,
मनगट बापावर गेलं,
जो याच यार्डात ओलं पोतं
एका हिसड्यात ट्रकात टाकतो.

तेलगोटे सरांनी वहीच्या पानावर लिहून दिलं:
अंड्याचं पांढरं, मोड आलेले मूग,
भाकर अर्धी. मीठ बंद.
खारपाणातल्या पोरीला मीठ बंद!
आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही,
चहाला खारट चव असते
आणि आम्हाला ती चवच वाटत नाही.
मीठ पाणी धरून ठेवतं, सर म्हणाले.
मी म्हटलं, सर, आमच्या वावराला विचारा.

पौषात रोडग्यांची पंगत होती.
ती वाढत होती. वांग्याची भाजी, वरण,
गोवरीच्या राखेतून काढून झटकलेले रोडगे
फोडून त्यात तूप.
शेवटची पंगत उठली तेव्हा
तिनं हात नाकाजवळ नेला,
थोडा वेळ ठेवला,
मग हापशीवर जाऊन धुतला.

व्यापारी कापूस मुठीत दाबतो,
"ओला हाये" म्हणतो,
क्विंटलमागं दोन किलो कडता लावतो.
त्यावरून भांडणं होतात, मी पाहिलीत,
एकदा वजनमापंच डोक्यात घातलं होतं कोणी.
पण स्वतःवर स्वतः कडता लावणारं माणूस
मी हेच पाहिलं.
रेनकोटवर स्वेटर, भर दुपारी
अमरावती रोडनं धावत गेली,
शेवटच्या रात्री पाणी नाही,
डब्यात थुंकत बसली,
थुंकायलाही मग काही उरलं नाही.

अकोल्यात काट्यानं सांगितलं
सत्तेचाळीस नऊशे.
सरांनी पाठ थोपटली.
मला तिचे ओठ दिसत होते,
उलून वाळलेल्या बोंडासारखे.
समोरची पोरगी मेहकरकडची,
ठेंगणी, गच्च,
जन्मानंच अठ्ठेचाळीसची.
सकाळी पोहे खाऊन आली होती, वर दोन केळी.

आचलचा हात लांब.
पोचत होता, दर वेळी पोचत होता.
त्यात वजन नव्हतं.
दुसऱ्या फेरीत ती उभी होती
आणि गुडघे आधीच बसायला निघाले होते.

यष्टीत खिडकीशी बसून
एक बाटली पाणी प्यायली. मग माझी.
मूर्तिजापूर गेलं तशी म्हणाली,
"बावन्नात उतरतो मी."
"तिथल्या पोट्ट्या दांडग्या असतात," मी म्हटलं.
"मंग मी काय हावो?"
मला उत्तर आलं नाही.
एकतीस वर्षांत कोण्या मालानं
मला असं विचारलं नव्हतं.

परवा पहाटे पुन्हा चढली काट्यावर.
तोंडात रोडग्याचा तुकडा, चावतच.
एक्कावन्न चारशे.
"आणखी सहाशे खाता येते," म्हणाली,
"लिहा, मामा."
मी पावतीबुक काढलं, कार्बन सरळ केला:
आचल डाखोरे. नग एक.
ओलावा असू द्यावा.
कडता निरंक.

खाली सही केली तोवर
फाटकाशी पहिला ट्रॅक्टर येऊन
हॉर्न वाजवत होता.