एक हजार चोवीस

माझगावच्या गोदी कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
स्वल्पविरामांच्या दोरीत ओवलेली
पेन्शनरांची यादी
दर वेळी एकाच जागी थांबते: यशव
पुढे काही नाही.
ना चूक, ना लाल अक्षर,
जणू माणूस तेवढाच होता.

इंग्रजीत सगळे मावत होते.
मराठीत करा, असं वरून पत्र आलं
आणि यादीच आखूड झाली.

दोन दिवस मी क्वेरी उसवते आहे.
फुर्ताडोसाहेब, निवृत्तीला टेकलेले,
डबा झाकत म्हणाले,
"अगं, आपलं एकेक अक्षर तीन-तीन बाइट खातं.
आणि ताट हजार चोवीसचं.
कुणीतरी कधीतरी ठरवलं, एवढं पुरे.
वाढव की. एका ओळीचं काम."

ओळ लिहिली.
यशवंत आला, अनुस्वारासकट.
त्याच्या मागून काशिबा, अब्दुल रज्जाक, पास्कू,
नवव्या धक्क्यावरची द्रौपदी,
जिचा रफार कुणी खाल्ला नाही.

प्रिंटर खरडत राहिला.
साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला,
शेवटच्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर
जरा वेळ बोट ठेवलं,
मग म्हणाले,
कागद संपत आलाय, बघ.