एक पीळ

हँडलच्या मुठींना पट्टा बांधायचा नाही.
मुठी म्हणजे कान. कान धरून
कुणाला हजार किलोमीटर नेत नाहीत.
खाली, जिथे पुढचे दोन्ही पाय मानेला मिळतात,
तिथे मऊ फास घालायचा,
आणि पट्टा रंगाला घासेल तिथे
जुन्या बनियनचा तुकडा. माझाच असतो.

सोहारच्या गॅरेजपट्टीत पहाटे साडेचार.
लोखंड अजून कालच्या उन्हाने कोमट.
मोतालेब आणि मी सुलेमान बिन हमूदची मोटारसायकल
फळीवरून ट्रेलरवर चढवतो.
तो मागून ढकलतो, मी ब्रेकवर बोटं ठेवून बाजूने चालतो.
शिव्या ज्याच्या त्याच्या भाषेत.
हिंदी फक्त हिशेबापुरती.

पुढचं चाक खोबणीत, पेट्रोलची चावी बंद.
स्टँड वर. खाली राहिलं
तर सगळा भार एका पायावर,
आणि तो पाय पहिल्याच गतिरोधकाला दगा देतो.
मग रॅचेट. डावीकडे एक दाणा, उजवीकडे एक,
पुन्हा डावीकडे,
असे पाच-पाच.
स्प्रिंग निम्मी दबावी. पूर्ण नाही.
पूर्ण दाबली की सील जातं, तेल गळतं,
सलालाला उतरवताना बघावं
तर गाडीचे पाय ओले.

सुलेमान कहव्याचा थर्मास घेऊन उभा.
डोळ्यांच्या डॉक्टरने लायसन्स काढून घेतलेला,
गाडी भाच्याला चाललेली.
एवढंच विचारतो : मान का खाली घातली तिने?
म्हटलं, अरबाब, वाकली नाही तर पडेल.
त्याला पटलं नाही. कपात कहवा ओतला, मला दिला.

सपाट ताणलेला पट्टा वाऱ्यात आधी गुणगुणतो,
मग किंचाळतो, मग स्वतःलाच झिजवतो.
म्हणून मध्ये एक पीळ.
हे गुलबाज नावाच्या पठाणाने शिकवलं.
बापाने शिकवली होती जाळ्याची गाठ,
ती इथे चालत नाही, नायलॉनवरून घसरते.
सुंभ जळतो, पीळ जात नाही :
सुलेमानकडे बघून हे सांगावंसं वाटलं
आणि सुंभापाशीच अडलो.
नारळाची दोरी, म्हटलं. जळालेली. तरी तशीच.
तो म्हणाला, कोण जाळतं नारळाची दोरी?

मग चहा. मोतालेबचा खुबूस कपात बुडाला,
तो बोटाने शोधत होता,
आणि पाठीमागे खट्.
सुटलेल्या रॅचेटचा आवाज मी झोपेतही ओळखतो.
त्यानंतर सावकाश, मोजून, तीन दाणे.
दुसऱ्या बाजूला खट्. पुन्हा तीन.
मी वळलो नाही.
कपात साखर नव्हती, तरी ढवळत राहिलो.

दहा किलोमीटरवर थांबून बघायचं, असा नियम.
पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली बघितलं.
मोतालेबला म्हटलं, टॉर्च धर.
चकचकीत नळीवर तेलाची एक बारीक कडी :
मी दाबली होती तिथपर्यंत.
कडीपासून खाली सीलपर्यंत
दोन बोटं मोकळी.
पट्ट्यावर तळहात ठेवून जोर दिला.
द्यायला हवा तेवढाच दिला त्याने.
पीळ होता तिथेच होता.
चाळीस वर्षं जो तिच्यावर बसला
त्याला निम्मं म्हणजे किती हे ठाऊक,
आणि मी सतरा वर्षं बांधतोय.
काहीच केलं नाही. शेपटं तेवढी पुन्हा खोचली.

हैमाच्या अलीकडे वारा आडवा आला.
उंटांच्या पाटीवर वाळू सरकत होती.
काच खाली करून ऐकलं : पट्टा गप्प.
तेवढ्यात फोन. मोतालेबने कानाशी धरला माझ्या.
सलाम नाही, काही नाही. पाय?
म्हटलं, कोरडे.
मग तो बोलला नाही,
आणि त्याने फोन ठेवलाही नाही.
मोतालेबचा हात दुखायला लागला, त्याने हात बदलला.
आम्ही तिघं बराच वेळ
रस्ता ऐकत होतो.