भाग एकशे बारा

झोंगुलदाकच्या डायलिसिस विभागात
दुपारच्या पाळीला खुर्च्या अकरा, टीव्ही एक,
आणि रिमोट माझ्या एप्रनच्या खिशात.
दोन वाजता ती मालिका लागते.
तिच्यातला डॉक्टर सारखा धावत असतो.
आमच्याकडे कुणी धावलं
तर फरशी ओली आहे म्हणून ओरडा बसतो.

सबाहतबाई त्या मालिकेतल्या आजारांवरच जगतात.
मागे एकाला स्वतःची बायको ओळखू येईना,
एकीच्या मेंदूत जंत निघाला,
एक नवरी लग्नाच्या वहीत सही करता करता कोसळली.
सगळी माणसं भाग संपायच्या आत बरी.
"आपला आजार कधी दाखवणार गं?"
मी म्हणते, यात दाखवायचं काय?
चार तास नुसतं बसणं,
बर्फाचा एकच खडा जिभेवर फिरवत राहणं,
टोमॅटो डोळ्यांनीच खाणं.
याला संगीत कुठलं देणार?

आज दाखवला.
एक बाप, दोन्ही किडन्या निकामी.
एक मुलगा, सगळ्या चाचण्या जुळलेला.
आणि काचेच्या दारामागे तोच मुलगा डॉक्टरला सांगतोय,
मला नाही द्यायची. भीती वाटते.
बाबांना कळू देऊ नका.

माझा हात खिशात गेला.

चौथ्या खुर्चीत फेरिदुनकाका होते.
सत्तावीस वर्षं कोळशाच्या खाणीत,
नखांच्या कडा अजून काळ्या.
त्यांचा इल्केर बुर्साला, गाड्यांच्या कारखान्यात.
मार्चमध्ये आला होता.
संमतीच्या कागदावर सही करताना
पेन दोनदा खाली पडलं, दोनदा मीच उचलून दिलं.
मग डॉक्टर मुअल्लांनी दार लावून घेतलं.
उघडलं तेव्हा अहवालावर एकच शब्द होता,
अयोग्य.
का, ते लिहिलं नव्हतं. लिहायचं नसतं.

त्या रात्री मी घासलेली भांडी पुन्हा घासली.
खोटं म्हणावं, तर खोटं नाही.
ज्याचं मन मागे सरतंय
त्याच्या अंगाला सुरी लावू नये, नियमच आहे तसा.
पण बापाला वाटलं, रक्तच जुळलं नाही.
आणि किडनीऐवजी त्यांच्या वाट्याला आले
आठवड्याचे तीन दिवस,
ही खुर्ची,
आणि मी.

पडद्यावरचा डॉक्टर तत्त्वाचा पक्का.
तडक बापाच्या खाटेशी गेला, सगळं सांगून टाकलं.
व्हायोलिनं वाजली, मुलगा रडला,
बापानं मिठी मारली, ऑपरेशन उद्या सकाळी.
सबाहतबाईंचा एक हात सुयांत अडकलेला,
त्यांनी दुसऱ्यानं मांडीवर टाळी वाजवली,
"डॉक्टर असावा तर असा!"

मला बटण सापडलं होतं.
"राहू दे, पोरी."
काकांनी मानही वळवली नाही.
मग कितीतरी वेळ नुसती यंत्राची घरघर.

"हा कधी खाणीत उतरलेला नाही," ते म्हणाले.
"पिंजरा खाली जायच्या वेळी
एखादा नवा पोरगा गळपटला,
तर आम्ही मुकादमाला सांगायचो, याला ताप आहे.
कपाळाला हात लावून बघायचोसुद्धा.
थंडगार असायचं."

मी काही विचारलं नाही.
साडेतीनला सुया काढल्या,
बोळा दाबून दहा मिनिटं उभी राहिले.
कातडीखाली ती नस गुणगुणत होती,
पोळं हलल्यासारखी.
"काल इल्केरचा फोन होता. वजन किती उतरलं, विचारत होता."
"मग?"
"सांगितलं, झकास चाललंय."
काट्यावर अजून पावणेदोन किलो पाणी जास्त होतं.

नेहमीसारखा दुसऱ्या हातात रबरी चेंडू दिला,
म्हटलं, घरी विसरू नका,
सुयांच्या हातानं दिवसातून चारदा,
मूठ मिटा, उघडा, मिटा.
त्यांनी करून दाखवली.
मिटली,
आणि मिटलेलीच ठेवली,
सव्वा लाखाची.

टीव्हीवर टोमॅटोच्या सॉसची जाहिरात लागली होती.
ती मात्र मी बंद केली.