अकरावी ओळ

पाचपाखाडीत, शनिवारी रात्री,
बिरड्याचं पातेलं टेबलावरून नुसतं बाजूला सरकवून
मी लॅपटॉप उघडला.
फाईलचं नाव: टिपणीस व्हिएतनाम फायनल फायनल दोन.
बँकेत वीस वर्षं लोकांची कर्जं तपासली,
पण घरच्यांपुढे आकडे मांडताना
हात जरा जपूनच चालतो.

माणशी पंच्याऐंशी हजार. गुणिले अकरा.
नऊ लाख पस्तीस, आणि त्यात
व्हिसा नाही, विमा नाही,
स्वप्नालीच्या जुळ्यांचं रोजचं आइस्क्रीम नाही.
दीर म्हणाले, नऊच्या वर एक रुपया नको.
सासरे म्हणाले, आमच्या वेळी महाबळेश्वर साडेचारशेत...
सासूबाईंनी बडीशेपेची डबी पुढे केली,
वाक्य तिथेच थांबलं.

मग कात्री.
बोटीवरची रात्र गेली.
मधलं विमान गेलं, चौदा तासांची बस आली.
तिन्ही वेळचं जेवण दोन वेळचं झालं,
तिसऱ्या वेळेला खाकरे, मेतकूट,
आणि सोडे न्यायचे की नाही यावर वीस मिनिटं.
कस्टमवाल्याला वास आला तर काय सांगायचं,
हा वाद अजून मिटलेला नाही.
सासऱ्यांच्या पासपोर्टात आडनावाला एक अक्षर जास्त,
म्हणून वागळे इस्टेटला तिसरी फेरी;
ते रिक्षाचे दीडशेसुद्धा मी लिहिले.

खोल्या चार.
तिघं, तिघं, तिघं, दोघं.
जुळलं. जुळलं, कारण अकराव्या ओळीत मी लिहिलं होतं
हेमाआत्या: एक्स्ट्रा बेड.
कुठल्या खोलीत, ते लिहिलं नव्हतं.
जिथे जागा उरेल तिथे.
गणपतीत, मुंजीत, माथेरानला,
जीपच्या मागच्या आडव्या सीटवर
ती नेहमी तिथेच तर असते.

आत्या उद्याचे वाटाणे सोलत होती.
मान वर न करता म्हणाली,
मला वेगळी खोली हवी.
आवाज तोच, टेलिफोन एक्स्चेंजमधला,
एकतीस वर्षं फॉरिनच्या बोर्डावर बसून कमावलेला,
स्वच्छ, न चढणारा.
मस्कत, नैरोबी, कुवेत,
कुणाला मुलगा झाला, कुणाचा बाप गेला,
सगळं तिच्या कानावरून गेलं.
बोला, पार्टी लाइनवर आहे, म्हणायचं
आणि आपण बाजूला व्हायचं.

एकटीची खोली अठ्ठावीस हजारांनी महाग पडते, आत्या.
माहीत आहे. विचारून आले.
(राम मारुती रोडच्या टूरवाल्याकडे, मंगळवारी.
आम्हाला वाटलं, दळण आणायला गेलीय.)
पोस्टातली आरडी मार्चमध्ये सुटते.
समुद्र नको. खिडकी रस्त्याकडची चालेल.

हृषीकेशने उगाच पंखा वाढवला.
स्वप्नाली म्हणाली, अहो, परक्या देशात एकट्या,
रात्री घाबराल.
घाबरायलासुद्धा आपली खोली लागते गं,
आत्या म्हणाली,
आणि एक किडका वाटाणा बाजूला टाकला.

अन्वयने विचारलं, तिथे आत्ता किती वाजले?
सगळ्यांचे फोन खिशातून निघेपर्यंत
तिने सांगूनही टाकलं,
साडेअकरा. आपल्याहून दीड तास पुढे.

मी अकरावी ओळ खोडली, पुन्हा लिहिली.
हेमलता गजानन टिपणीस. खोली पाचवी.
खाली बेरीज लाल झाली.
राहू दिली.

झोपायला जाताना तिने दारात थांबून विचारलं,
खोलीत टेलिफोन असतो ना गं? वायरचा?
असतो. कुणाला करणार?
कुणाला नाही.
उचलून बघेन,
टोन कसा आहे तिकडचा.