बीड

आमच्या गाळ्यात बीड ओततात.
खैरानी रोडला, अशा गल्लीत जिथे टेम्पो शिरतो पण वळत नाही.
मी काट्यावर बसते.
साच्यातून निघालेलं वजन गार झालं, घासलं, की माझ्याकडे.
चाळीस किलो. अर्धा इकडे, अर्धा तिकडे चालतो.
पास झालं की पिवळ्या रंगात नंबर.
नाही झालं की खडूची फुली,
आणि मुख्तारभाई माझ्याकडे असं बघतात
जसं काही मधलं लोखंड मीच खाल्लं.

ही वजनं ट्रॅक्टरच्या नाकाला लागतात.
बीडाची वजनं बीडला जातात, हा इथला शिळा विनोद.
जातात परभणीला, धुळ्याला, कुठे कुठे.
मी शेत पाहिलंय ते एसटीच्या खिडकीतून.
तरी एवढं ठाऊक आहे:
मागे जड अवजार उचललं
की पुढची चाकं जमीन सोडायला बघतात.
ड्रायव्हरला आधी बरंच वाटतं म्हणे.
स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं.
फिरतं ते स्टिअरिंग. ट्रॅक्टर सरळच जातो.

मार्चमध्ये हरेश्वर आला, अक्साच्या किनाऱ्यावरून.
त्याचा ट्रॅक्टर वाळू चाळायचं यंत्र ओढतो.
"नांगरटच समजा," म्हणाला, "पीक फक्त चपलांचं."
चपला, जाळी, थर्माकोल, शहाळी, देवांच्या तसबिरी.
टाकी भरत जाते तसा भार हुकावर येतो,
ओल्या वाळूचा, जो कागदावर कधीच धरलेला नसतो,
आणि किनाऱ्यावरून रस्त्याला चढताना
ट्रॅक्टर घोड्यासारखा उभा राहू बघतो.

"मग आजवर काय करत होता?"
त्याने मागे बोट दाखवलं.
मागे झिलू उभा होता.

झिलू बसायचा.
चढ आला की हरेश्वर हाक मारायचा,
झिलू धावत जाऊन बॉनेटच्या टोकाला बसायचा,
पाय खाली सोडून, तोंड रस्त्याकडे.
चढ संपला की उतरायचा.
सात वर्षं.
पगाराच्या कागदावर लिहिलेलं: मदतनीस.

मी म्हटलं, चढ काट्यावर.
तो चपला काढायला लागला.
असू दे, म्हटलं, बसतोस तेव्हा असतातच ना.
बावन्न किलो तीनशे.
"म्हणजे सव्वा वजन, थोडं वरच," मी म्हटलं.
तो हसला. मग हसू तसंच ठेवून विचारलं,
"ही दोन लावलीत तर मी कुठे बसू?"

भट्टीचा पंखा तेव्हा बंद होता,
नाहीतर ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं.
हरेश्वर म्हणाला, "अरे, कधी निसटून चाकाखाली आलास तर?"
हे खरंच होतं.
खरं असून झिलूला पुरलं नाही.
मी बिल फाडलं. दोन नग, पिन वेगळी.

मे महिन्यात भाच्याला घेऊन अक्साला गेले.
तो भेळेत रमला, मी ट्रॅक्टर शोधत राहिले.
आला. नाकावर माझी दोन वजनं,
पिवळा नंबर खाऱ्या वाऱ्याने अर्धा खाल्लेला.
आणि यंत्रामागे झिलू, लोखंडी आकडीने
दात्यांत अडकलेलं जाळं सोडवत.
काम होतं तर. मला हलकं वाटलं.
हलकं वाटलं म्हणून मी पुन्हा नीट बघितलं.

चढ आला. हरेश्वरने हाक मारली नाही.
झिलू तरी आकडी टाकून पुढे धावला.
बसला नाही.
नाकाच्या बाजूने चालत राहिला
डावा तळहात वजनावर टेकवून,
डांबर लागेपर्यंत.

पुढची चाकं जमिनीवरच होती.
त्या हाताचा भार किती भरला असता,
ते काट्याशिवाय मी सांगणार नाही.