खंड पडल्याचं कारण

बुधवारी साडेपाचला चर्चच्या हॉलचं कुलूप उघडते.
किल्ली दोनदा फिरवावी लागते, तिसऱ्यांदा शिवी द्यावी लागते,
मग बर्नलीचा गार वास अंगावर येतो :
ओलं लाकूड, जुने कोट, कुणीतरी विसरलेलं संत्रं.

शिवणयंत्रं चार, चालती तीन.
पण आज शिवण नाही. आज नोकरीचा अर्ज.
लेतेब्रहान पेन्सिलीला टोक काढत बसलीये
इतका वेळ, की पेन्सिल अर्धी झाली.

नाव. पत्ता. जन्मतारीख.
इथे मुतासिम हसतो, कारण हॉलमधल्या सहा जणांचा जन्म
एक जानेवारीचा.
कचेरीनं सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं,
केक कुणी कापला नाही.

सातव्या रकान्यापाशी पेनं थांबतात.
नोकरीत खंड पडला असल्यास कारण द्या.
दोन ओळींची जागा.

मुतासिम ओम्दुरमानचा दंतवैद्य,
इथे रात्रपाळीला पावाच्या लाद्या मोजतो.
विचारतो, बाई, युद्ध एका ओळीत बसेल?
बसव, मी म्हणते, दुसरीत परीक्षेची तारीख लिही.
आणि स्वतःच्याच आवाजाला दचकते.

लेतेब्रहान लिहिते, वाळवंट. खोडते.
लिहिते, प्रवास. खोडते.
खोडरबराचा चुरा फुंकून टाकते, माझ्याकडे बघत नाही.

कोपऱ्यात नॉर्मन एंटविसल.
गेल्या हिवाळ्यात दाराशी उभा राहून ओरडला होता :
यांना हीटर, यांना बिस्किटं, आणि आम्हाला?
आत ये, मी म्हटलं होतं, बिस्किटं मोजलेली नाहीत.
आला नाही.
आला तो फेब्रुवारीत, खिशात अर्जाची घडी,
म्हणाला, चष्मा विसरलोय.
पुढच्या बुधवारीही चष्मा विसरला.
तिसऱ्या बुधवारी लेतेब्रहाननं शेजारी खुर्ची ओढली
आणि बोट ठेवून अक्षर अक्षर वाचू लागली,
जणू स्वतःसाठीच.
ती उच्चार चुकायची, तो दुरुस्त करायचा.
दोघांचं मिळून एक वाक्य व्हायचं.

माझ्या भाषेत खंड म्हणजे तुटणं.
खंड म्हणजे आफ्रिका, आशियासुद्धा.
आणि ग्रंथाचा खंड, म्हणजे पुढचा यायचाय.
हे मी फळ्यावर लिहून दाखवते, जरा भारावून.
नॉर्मन विचारतो, याचा अर्जाला उपयोग काय?
काही नाही, म्हणते. पुसते.

सातवा रकाना मलाही आहे.
मिरजेची बी.एड., आणि इथे तेरा वर्षं
मोजे जोडीनं लावून पिशवीत भरणं.
पण मी विमानानं आले. बॅगेत लोणच्याची बरणी होती,
परतायला घर होतं, अजून आहे.
म्हणून या टेबलावर मी माझं काही काढत नाही.

नॉर्मन उठतो, बंद यंत्राचं झाकण उघडतो,
मिलमधली बावीस वर्षं बोटांत अजून शाबूत.
पट्टा चुकीचा घातलाय कुणीतरी, पुटपुटतो.
दुरुस्त मात्र होत नाही. नवा पट्टा लागेल.
नवा पट्टा म्हणजे नवं अनुदान,
आणि मार्चनंतरचं पत्र अजून आलेलं नाही.

तो परत बसतो, जीभ दातांत धरून लिहितो :
मिल बंद. मग आई.
मिलमधला एक एल राहिलाय. आई बरोबर.
लेतेब्रहान डोकावते. आई आता?
तो मान हलवतो.
ती बिस्किटांची ताटली त्याच्याकडे सरकवते
आणि आपल्या रकान्यात काहीतरी लिहिते.
मी वाचत नाही. पाकीट चिकटवून देते.

साडेसात. दिवे बंद, हीटर बंद.
कुलूप एका फेरीत बसतं.
लावताना ते कधीच अडत नाही.