टाच

सोहार. पहाटेचे सव्वाचार.
अजान व्हायची आहे अजून.
पलंगाच्या काठाशी बसून मी
उजवा पाय फरशीच्या चार बोटं वर धरून ठेवलाय,
उधारी वसूल करणारा दाराशी आल्यावर
माणूस कडीला हात लावून थांबतो, तसा.

मग पहिलं पाऊल.
टाचेत खिळा.
कालचाच, कालच्याच जागी,
रात्रीतून कुणीतरी पुन्हा ठोकलेला.

हप्ते थकले की घरावर टाच येते, एवढं ठाऊक होतं.
खुद्द टाचेवरच आली
तर पंचनामा करायचा कुणी?

मेरिसेलने केला.
मनिलाची पोर, चणीने एवढीशी, अंगठ्यात लोहाराचं बळ.
तळव्याच्या मुळाशी दाबत म्हणाली, दहापैकी किती?
चार, मी म्हटलं.
तिने आणखी दाबलं.
आठ.
आणि या आठवर तू गेल्या शुक्रवारी अठरा किलोमीटर पळालास?
मी भिंतीवरचा पायाच्या हाडांचा तक्ता वाचू लागलो.

तेव्हापासून जिन्याच्या पायरीवर
टाचा हवेत सोडून उभा असतो,
पंधरा वेळा खाली, पंधरा वेळा वर, पुन्हा पंधरा.
रखवालदार शफीकुल आधी विचारायचा, साहेब, काय हरवलं?
आता नुसता अंग चोरून बाजूने जातो.
ऑफिसात टेबलाखाली गोठवलेली लबनची बाटली,
मोजा काढून तळव्याखाली लाटतो पोळीसारखी,
आणि टेबलावर तोंड गंभीर ठेवून
टाकी नंबर सहाच्या वेल्डिंगवर बोलतो.

जयसिंगपुराहून अक्का फोनवर:
वीट तापव, वर रुईचं पान ठेव, त्यावर टाच दाब. सात दिवस.
अक्का, इथे वीट कुठली, सगळे सिमेंटचे ठोकळे.
मग तवा घे. रुई तरी आहे का तुझ्या त्या वाळवंटात?

आहे.
हायवेच्या कडेला, जिथे दुसरं काही उगवायला धजत नाही
तिथे धुळकट, जाड पानांची, कुणाचं देणं नसल्यासारखी उभी.
गाडी बाजूला घेऊन पानं खुडत होतो
तर एक पिकअप थांबली, मागे तीन बकऱ्या.
गाडी खराब?
गाडी ठीक है. पाँव खराब.
तो उतरला. या झाडाला आम्ही अश्खर म्हणतो, म्हणाला,
माझी आई गुडघ्याला बांधते.
आणि चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून मान वळवून
चार पानं त्यानेही तोडली.

आई बरी झाली का, हे विचारायचं राहून गेलं.

शुक्रवारी मंडळी कॉर्निशवर जमतात.
जानेवारीच्या शर्यतीचे पैसे भरून झालेत, परत मिळत नाहीत.
थंकच्चन एकसष्टचा, गुडघे पोराचे;
लगाम सुटल्यासारखा निघतो, मागोमाग बाकीचे.
मी गाड्यांच्या किल्ल्या सांभाळतो.
सात जणांच्या सात, चार खिशांत.
चाललो की खुळखुळतात, देवळाबाहेरच्या बैलासारख्या.

सहा वर्षं या रस्त्याने पळालो,
मासळीबाजारामागे तारेचे पिंजरे विणणारा म्हातारा
आज दिसला.
हात न थांबवता म्हणाला,
तू वो रोज भागनेवाला ना? पीछे कौन था तेरे?
उत्तर शोधलं.
बापाची साखर, पंचेचाळिसावं वर्ष, दर दोन वर्षांनी येणारा व्हिसाचा कागद...
यातलं हिंदीत काय सांगणार.
कोई नहीं, म्हटलं.
त्याने एक तार पिळली, दातांनी.

परत येताना दिव्याच्या दोन खांबांमध्ये
बघणारं कुणी नव्हतं, एका मांजराखेरीज.
पळालो.
साठ पावलं असतील. किल्ल्या बोंबलल्या.
टाच काही बोलली नाही,
किंवा बोलली आणि मला खुळखुळाटात ऐकू आलं नाही.

सगळे घामाने निथळत परतले, हात पुढे करून.
थंकच्चनने किल्ली घेताना विचारलं, दुखणं किती आता?
चार, मी म्हटलं.
या खेपेला खरंच चार होतं.
फार तर पाच.